दांडेलीत दिसलेला लाल तोंडाचा तांबट आणि आमच्या शेवग्यावरचा

केळीबाग

एरवी मी इथे रोमात असते, म्हणजे नुसती वाचते, लिहीत नाही. आज धागा काढतेय, कारण माझी चांगलीच फजिती झालीय आणि घरात कुणाला त्याचं काही पडलेलं नाही.

जानेवारीच्या शेवटी दिरांच्या कुटुंबासोबत दांडेलीला गेलो होतो. गणेशगुडीच्या बाजूला सकाळी सहा वाजता एका गाईडने आम्हाला वडाच्या जातीच्या एका झाडाखाली नेऊन उभं केलं. झाड लालसर बारीक फळांनी लगडलेलं, आणि वरून नुसता टपटप पाऊस, अर्धवट खाल्लेल्या फळांचा. तेवढ्यात चिमणीपेक्षा जरासा मोठा, बुटका, हिरवा पक्षी फांदीच्या टोकाला येऊन बसला. मी लगेच जाहीर केलं, "हा तर आमचा तांबट! भुसावळला घरामागे रोज असतो." गाईड सज्जन माणूस. हसला नाही. दुर्बीण हातात देत म्हणाला, "ताई, गळा बघा."

गळा लालभडक होता. नुसता गळा कशाला, कपाळ, डोळ्याभोवती, गाल, हनुवटी आणि खाली छातीच्या वरच्या भागापर्यंत सगळं एकसंध किरमिजी, जणू कुंकवाच्या डबीत तोंड बुडवून वर काढलंय. त्या लालीला मागच्या बाजूने निळी किनार आणि काळपट रेघ. पोट मात्र साधं हिरवं. गाईड म्हणाला, हा मलबार बार्बेट, म्हणजे मलबारी तांबट.

"मग आमच्याकडचा कसा असतो?" त्याने विचारलं. आणि मंडळी, मला सांगता येईना! पंधरा वर्षं ज्याची टुकटुक ऐकत स्वयंपाक केला, त्याच्या गळ्याचा रंग मला माहीत नव्हता.

परत आल्यावर तीन दिवस मान दुखेपर्यंत उंबराखाली उभी राहिले. आमच्याचा गळा पिवळा आहे! डोळ्याच्या वर पिवळा ठिपका, खालीही पिवळा, मधून काळी पट्टी. लाल रंग दोनच ठिकाणी: कपाळावर टिळ्यासारखा आणि पिवळ्या गळ्याच्या खाली छातीवर एक आडवा पट्टा. पोट फिकट, त्यावर हिरव्या उभ्या रेघा. पाय लालचुटूक.

आता प्रश्न. दिरांचं म्हणणं, "यावल अभयारण्य आहे, पालचं जंगल आहे, उंबर-वड आहेत. मग तो लाल तोंडाचा आपल्या सातपुड्यात का नसेल?" कुणी पाहिलाय का?

तापीकाठ

केळीबागताई, अजिबात लाज वाटून घेऊ नका. रोज ऐकू येणारा पक्षी बघायचा राहूनच जातो. तांबट तर त्यातला वस्ताद. हिरव्या पानात हिरवा, उन्हात निवांत बसलेला. आवाज काढताना मान डावी-उजवीकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी या झाडावरून आल्यासारखा वाटतो, कधी त्या. आणि हे सगळं चोच मिटून! प्रत्येक टुकला गळ्याची कातडी फुगते आणि डोकं खाली झुकतं. एकदा फुगणारा गळा दिसला की मग नजर बसते.

उत्तर थोडक्यात: नाही. मलबारी तांबट गोव्यापासून दक्षिणेला, सह्याद्रीच्या ओल्या सदाहरित जंगलातला. सातपुड्याची नोंद माझ्या तरी वाचनात नाही.

अहिरमाणूस

आपला खान्देशमा तो लाल तोंडना नही वो ताई, आपला पिवया गयाना शे. पन धागा भारी शे. येऊ द्या आजून.

शिकरा७७

मी पाहिलाय. पालच्या वाटेवर, गेल्या मार्चमध्ये, संध्याकाळी. वडावर सात-आठ होते. गळा लालच होता, खात्रीने सांगतो. सगळेच म्हणतात "इथे नाही, इथे नाही", पण बघायला जातंय कोण?

सातपुडा_वाट

शिकरादादा, पाहिलं नाही असं कुणीच म्हणत नाहीये. फक्त दोन गोष्टी आठवून सांगा. पोट कसं होतं, रेघांचं की साधं? आणि तुम्ही खालून बघत होतात का?

शिकरा७७

खालूनच. वड चाळीस फूट उंच, वरून कसं बघणार? पोटावर रेघा होत्या असं वाटतं. हो, होत्या.

सातपुडा_वाट

मग तो आपला नेहमीचाच.

सांगतो का ते. खालून बघितलं की छातीवरचा लाल पट्टा अगदी समोर येतो आणि चोचीखालचा पिवळा गळा सावलीत जातो. त्यात सूर्य मावळतीला; त्या उजेडात पिवळ्याचा केशरी होतो. मेंदू उरलेलं भरून काढतो आणि आपण "गळा लाल" लिहून मोकळे होतो. म्हणून रंगाआधी पोट बघावं. मलबारीचं पोट कोरं हिरवं, रेघ नाही. तांबटाच्या पोटावर कुणीतरी हिरव्या पेन्सिलीने रेघोट्या ओढल्यासारख्या. ही खूण कोणत्याही उजेडात टिकते.

दिरांच्या प्रश्नाबद्दल: जंगल म्हटलं की सगळी जंगलं एक, असं आपण धरून चालतो. आपल्या सातपुड्याचं जंगल पानझडीचं. साग, सालई, अंजन, धावडा. एप्रिलमध्ये यावलच्या डोंगरात उभं राहा, नुसती काटकी दिसतात. जळगावला वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. दांडेलीच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर त्याच्या कितीतरी पट. तिथलं जंगल बारा महिने हिरवं, आणि त्यात उंबर, वड, पिंपरीच्या जातीची झाडं इतकी की एकाची फळं संपली की दुसऱ्याची पिकलेली असतात. या झाडांचं वेळापत्रक आंब्यासारखं सगळ्यांचं एकदम नसतं, प्रत्येक झाड आपल्या मर्जीने फळतं. फळावरच पोट असलेल्या पक्ष्याला हेच हवं. मलबारी त्या ओल्या जंगलाला धरून राहतो. आपला तांबट मात्र कुठेही जमवून घेतो: शेत, गाव, रेल्वे कॉलनी, मुंबईचा रस्तासुद्धा. फळझाड आणि कुजकं लाकूड मिळालं की बास.

शिकरा७७

पटतंय. तरी एक विचारतो. रानपिंगळापण, ते छोटं घुबड, "नाही नाही" म्हणत शंभर वर्षं नव्हताच ना? मग सापडलाच की शहाद्याला!

तापीकाठ

शिकरादादा, हा मुद्दा बेस्ट काढलात. पण ती गोष्ट तुमच्या बाजूने नाही, उलट बाजूने जाते. जरा लांबण लावतो, खान्देशचा विषय आहे म्हणून.

रानपिंगळ्याचे शेवटचे खरे नमुने १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खान्देशातच गोळा केले होते, शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात. त्यानंतर १९१४ची एक नोंद होती, गुजरातेतल्या मांडवीची, रिचर्ड मायनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाच्या नावावर. लोक त्या भागातही शोधत राहिले आणि काही मिळालं नाही. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो पेंढा भरलेला नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनचाच चोरलेला नमुना, नवीन चिठ्ठी लावून खपवलेला. म्हणजे पक्षी खरा, पत्ता खोटा. खोटा पत्ता काढून टाकल्यावर त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या पत्त्यांवर गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा समोर बसलेला! १८८४ नंतर ११३ वर्षांनी.

आता बघा, रानपिंगळा इथलाच होता, म्हणून इथे सापडला. मलबारीचा इथला एकही जुना पत्ता नाही. "पालला मलबारी दिसला" असं आपण उत्साहात लिहिलं तर आपण नकळत मायनर्ट्झहागनच्याच रांगेत बसू. त्यांनी मुद्दाम केलं, आपण चुकून, एवढाच फरक.

शिकरा७७

बाप रे. एवढ्या मोठ्या चोराच्या रांगेत बसवलंत मला! माघार घेतो. पालचे ते सात-आठ तांबटच. नोंद दुरुस्त करतो वहीत.

केळीबाग

शिकराभाऊ, तुम्ही निदान वही ठेवता. माझ्याकडे फक्त कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणा.

दुपारचा_चहा

तांबट नाव कसं पडलं हे नव्या पोरांना सांगावं लागतं आता. आमच्या लहानपणी धुळ्यात शेजारच्या गल्लीत तांब्या-पितळेची भांडी ठोकायचे. दुपारी जेवून सगळे पडले की तोच एक आवाज. ठक, ठक, ठक. एकसारखा. भांड्याला मठार देताना ठोका वेडावाकडा पडला तर भांडं वाया, त्यामुळे हात घड्याळासारखा चालायचा. तांब्याची भांडी गेली, गल्ली गेली, पक्षी अजून ठोकतोय.

काल घड्याळ लावून मोजलं. एका मिनिटात ११२. मग दमला बिचारा, पाच-सात सेकंद थांबला, पुन्हा सुरू.

ताई, दांडेलीच्या त्या लालतोंड्याचा आवाज कसा होता?

केळीबाग

टुकटुकच, पण मऊ आणि भरभर. आपला हातोडीने ठोकतो, तो बोटाने टेबलावर वाजवतो असं वाटलं. मी मोजलं नाही, मोजता येण्यासारखं नव्हतंच. एकाच वेळी चार-पाच बोलत होते.

निंबोणी

मला एक शंका आहे. माझ्या खिडकीसमोर सिंगापूर चेरीचं झाड आहे, त्यावर एक हिरवा येतो. चोच जाड, पोटावर रेघा, पण लाल रंग कुठेच नाही! कपाळ हिरवं, छातीवर पट्टा नाही. मादी असेल का? की ही तिसरीच जात?

सातपुडा_वाट

निंबोणी, पिल्लू आहे ते. गेल्या हंगामातलं. तांबटाच्या नर-मादीत रंगाचा फरक नसतो, दोघांनाही टिळा आणि पट्टा असतो. मलबारीतही नर-मादी सारखेच. पिल्लांना मात्र लाल रंग नसतो, नंतर येतो. डोळ्याजवळ फिकट पिवळं आहे का बघा, असणारच.

आणि तुमच्या चेरीवर दुसरा एक येत असेल, अगदी अंगठ्याएवढा, मळकट, सतत चिक्-चिक् करत इकडून तिकडे. तो फुलटोच्या. ८ सेंटीमीटरचा, आपल्याकडच्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी. त्याची गंमत बांडगुळात. बांडगुळाचं फळ खातो, बी इतकी चिकट की ती सुटता सुटत नाही, मग फांदीला घासून काढतो. झालं, बांडगूळ तिथेच लागलं. आंबेवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण तो विषय वेगळा.

निंबोणी

अंगठ्याएवढा आहे!! मी त्याला पिल्लू समजत होते आणि पिल्लाला नवी जात.

अहिरमाणूस

आमच्या शेताच्या बांधावर वडाचं रोप विहिरीच्या भिंतीतून निघालंय. वडील म्हणतात कावळ्याचं काम. खरं का?

तापीकाठ

कावळाही असेल, तांबटही असेल, बुलबुलही. भाऊ, फळ खाणारे सगळे बी पेरतात असंही नाही. आपला राज्यपक्षी हरियाल बघा. उंबर तोही खातो, पण त्याच्या पोटातला दळणारा भाग इतका जोरकस की बी भरडली जाते. म्हणजे तो वडाचं पीठ करतो. तांबटाच्या पोटात गर जिरतो आणि बी शाबूत बाहेर येते, विष्ठेतून किंवा तोंडातून परत. त्यामुळे विहिरीतल्या त्या रोपाचा बाप हरियाल नसावा इतकं सांगता येईल.

तांबटाचं आणखी एक सांगायचं राहिलं, ओळखीच्या कामाचं. चोचीच्या मुळाशी बघा, राठ मिशांसारखे केस असतात. आणि पाय: दोन बोटं पुढे, दोन मागे, सुताराच्या पायासारखी. हा सुतारपक्ष्याच्या नात्यातलाच आहे. म्हणून तर झाडाच्या खोडाला पोपटासारखा नाही, सुतारासारखा चिकटतो आणि घरटंही कोरूनच करतो. फक्त सुताराइतकी चोच कणखर नाही, म्हणून मेलेलं, भुसभुशीत लाकूड शोधतो. शेवगा, पांगारा, गुलमोहर.

मलबारीचंही तसंच, वाळलेल्या फांदीत. पूर्वी मलबारी आणि श्रीलंकेतला त्याचा भाऊबंद यांना एकच जात धरत. श्रीलंकेतल्याचा गळा केशरी-पिवळसर. आता दोघांची नावं वेगळी केली आहेत. म्हणजे गळ्याच्या रंगावरून भांडण फक्त आपल्या धाग्यावरच नाही, शास्त्रज्ञांतही होतं.

दुपारचा_चहा

मोठा तांबट कुणीच काढला नाही अजून! तपकिरी डोक्याचा, डोळ्याभोवती नारिंगी कातडी, "कुटुर्र कुटुर्र" करणारा. तोरणमाळला भरपूर. नाहीतर निंबोणी उद्या तोही घेऊन येतील.

निंबोणी

नाही येणार. बहुतेक.

केळीबाग

पंधरा दिवसांनी परत आले. तापीकाठ, तुम्ही शेवगा लिहिलात आणि त्याच दिवशी मी मान वर केली.

आमच्या इमारतीच्या मागे शेवगा आहे. त्याची एक आडवी फांदी गेल्या पावसाळ्यापासून वाळलेली. फांदीच्या खालच्या अंगाला, हो, खालच्या अंगाला, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठं गोल भोक. इतकं गोल की ड्रिलने पाडल्यासारखं. सकाळी साडेसातला एक तांबट भोकाशी उलटा लटकलेला. डोकं आत, शेपूट बाहेर. मग डोकं बाहेर, चोचीत भुसा, मान झटकली की भुसा हवेत. खाली उभ्या असलेल्या आमच्या स्कूटरच्या सीटवर पिवळसर थर. मी तीन दिवस तो थर पुसत होते आणि शिव्या वाळवीला घालत होते.

दोघंही कोरतात. एक दमला की दुसरा येतो, आणि अदलाबदलीच्या वेळी दोघं क्षणभर शेजारी बसतात, चोच न उघडता बारीक टुकटुक करत. दोघं सारखेच दिसतात, त्यामुळे कोण कोण ते मला अजून कळलेलं नाही.

आता अडचण. आमच्या सोसायटीत होळीच्या आधी दरवर्षी शेवगा छाटतात. वाळलेल्या फांद्या पहिल्या. मी मीटिंगमध्ये विषय काढला तर एक गृहस्थ म्हणाले, पक्ष्यांना झाडं काय कमी आहेत? दुसरे म्हणाले, फांदी गाडीवर पडली तर भरपाई तुम्ही देणार का? मी म्हटलं, स्कूटर माझीच आहे खाली, मी हलवते. ठराव वगैरे काही झाला नाही. सगळे चहाला उठले.

सातपुडा_वाट

ताई, छाटणाऱ्यालाच गाठा. कमिटीपेक्षा तो जास्त ऐकतो असा अनुभव आहे. अंडी घातली की साधारण दोन आठवडे उबवतात, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी महिनाभर वगैरे. तेवढा वेळ मागून घ्या.

शिकरा७७

आणि फोटो टाका. पोट दिसेल असा!

केळीबाग

आज आले होते छाटायला. एक म्हातारेसे बाबा आणि त्यांचा नातू, रावेरकडचे. मी त्यांना फांदी दाखवली, ही राहू द्या म्हटलं.

"ताई, हिला शेंग येनार नही आता. वाळेल हाये."

"माहीत आहे बाबा. घर आहे त्यात."

ते कोयता खांद्यावर ठेवून वर बघत राहिले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मला वाटलं आता हे कंटाळणार. मग भोकातून आधी जाड चोच आली, मग लाल टिळा, मग पिवळा गळा. मागच्या उंबरावरून जोडीदाराची टुकटुक सुरू झाली.

बाबा नातवाकडे वळले. "दुपारी ठोकतो ना रे, तो हा. मी समजू का मोठा आसंन."

बाकी झाड छाटलं. ती फांदी तशीच आहे. बाबांनी जाताना माझी स्कूटर स्वतः ढकलून भिंतीला लावून दिली. फोटो काढलाय, पण पोट आत आहे आणि बाहेर फक्त तोंड. शिकराभाऊ, रेघांसाठी थांबावं लागेल.